हार्ड डिस्कमधले लपलेले पार्टिशन कसे बघायचे? २४० जीबी कुठं गेली समजून नाही राहिली

मानेवाडा_ट्यूशन
नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप आहे, विंडोज १०, हार्ड डिस्क १ टीबीची, बिलावर आणि डब्यावर दोन्हीकडे तसंच लिहिलं आहे. पण धिस पीसी उघडलं की सी २०० जीबी आणि डी ४८८ जीबी एवढंच दिसते. बेरीज केली तर ६८८. बाकीची कुठं आहे मग? मी आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्याचे व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवते, सी आता भरून लाल झाली आहे. बर्डीतल्या एका दुकानात फोन करून विचारलं तर म्हणे मशीन घेऊन या, फॉरमॅट मारून देतो, सगळी जागा येईल. फॉरमॅट नाही मारायचं मला, त्यात सगळं आहे. व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सला टिक केली, तरी काही नवीन दिसत नाही. हा कम्प्युटर आधी भावाच्या मुलाकडे होता इंजिनियरिंगला असताना, तो आता पुण्याला नोकरीवर आहे. लपलेलं काही असेल तर घरच्या घरी बघता येते का, आणि बघताना काही बिघडणार तर नाही न?

तर्रीपोहे
ताई, आधी बेरीज नीट करून घेऊ, म्हणजे शोधायचं किती आहे ते कळेल. १ टीबी म्हणजे डिस्क बनवणाऱ्याच्या हिशोबात १००० जीबी, एकावर बारा शून्य एवढे बाइट. विंडोज तेच बाइट १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून त्याला ती डिस्क ९३१ जीबी दिसते. ही जागा कुठं गेलेली नसते, सगळ्यांच्याच डिस्कला असं होते, ५०० वाली ४६५ दिसते, ५१२ ची एसएसडी ४७६. म्हणजे तुमची खरी हरवलेली जागा ९३१ वजा ६८८, अंदाजे २४३ जीबी. एवढी मोठी जागा विंडोज स्वतःहून लपवत नाही. ते स्वतःसाठी लपवते ते फार तर एक-दोन जीबी. कंपनीचा रेडिमेड सेट असेल तर फॅक्टरी रिकव्हरीचे १०-२० जीबी धरा. २४३ म्हणजे कोणीतरी हाताने बनवलेलं पार्टिशन आहे नाहीतर रिकामीच पडलेली जागा आहे.

आणि ती हिडन आयटम्सची टिक फक्त फाइल आणि फोल्डरसाठी असते, पार्टिशनशी तिचा संबंध नाही. पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला कप्पा, ज्या पार्टिशनला सी, डी असं अक्षर दिलेलं नाही ते धिस पीसीत येतच नाही, टिक करा की नका करू.

केबल_काका
बघायला काहीच सॉफ्टवेअर नको बेटा. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि एक्स सोबत दाब, डाव्या कोपऱ्यात लांब मेनू येईल, त्यात डिस्क मॅनेजमेंट. खाली डिस्क ० म्हणून आडवी पट्टी दिसेल, तिच्यात कप्पे. वर निळी पट्टी असलेला कप्पा म्हणजे पार्टिशन बनलेलं आहे, काळी पट्टी आणि अनअलोकेटेड लिहिलं असेल तर तिथं काहीच बनलेलं नाही. प्रत्येक कप्प्यात काय लिहिलं आहे ते डावीकडून उजवीकडे क्रमाने इथं टाइप कर. क्रम महत्त्वाचा आहे. फक्त बघ, सध्या कशालाच ओके म्हणू नको.

मानेवाडा_ट्यूशन
धन्यवाद काका, झालं. डावीकडून असं आहे, १०० एमबी हेल्दी ईएफआय सिस्टम पार्टिशन, मग सी २०० जीबी एनटीएफएस, मग साडेपाचशे एमबीच्या आसपास हेल्दी रिकव्हरी पार्टिशन, मग डी ४८८ जीबी, आणि सगळ्यात शेवटी २४२ जीबीचा एक कप्पा ज्याच्यावर फक्त हेल्दी प्रायमरी पार्टिशन लिहिलं आहे. त्याला नाव नाही, अक्षर नाही, एनटीएफएस वगैरेही काही नाही. पट्टी निळी. त्याच्यावर राइट क्लिक केलं तर बाकी सगळे पर्याय पुसट आहेत, फक्त डिलीट व्हॉल्यूम आणि हेल्प चालू दिसते. ईएफआयवर राइट क्लिक केलं तर फक्त हेल्प.

हिंगणा_नाका
मग काय, मिळालं न. डिलीट व्हॉल्यूम करा, काळी पट्टी येईल, मग डीवर राइट क्लिक करून एक्स्टेंड व्हॉल्यूम. पाच मिनिटांचं काम आहे. विंडोजला वाचता येत नाही म्हणजे त्यात कामाचं काही नसेल.

तर्रीपोहे
ताई थांबा, डिलीट करू नका!! हिंगणा भाऊ, पद्धत तुम्ही बरोबर सांगितली पण शेवटच्या वाक्याशी मी बिलकुल सहमत नाही. विंडोजला वाचता येत नाही याचा अर्थ फक्त एवढाच की ते विंडोजच्या एनटीएफएससारख्या फॉरमॅटमध्ये नाही. इंजिनियरिंगच्या पोराकडचा कम्प्युटर, अक्षर नाही, फाइल सिस्टमचं, म्हणजे फाइल साठवायच्या पद्धतीचं, नाव नाही आणि चालू पर्याय फक्त डिलीट, हे सगळं वर्णन लिनक्सच्या, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमच्या, पार्टिशनचं आहे. पोरं कॉलेजात उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकतातच प्रॅक्टिकलसाठी. त्याच्यात त्या मुलाचे प्रोजेक्ट असतील, फोटो असतील, काय सांगावं. विंडोजला ते वाचता येत नाही आणि डिलीट मात्र लगेच करता येते, ही मला त्या स्क्रीनमधली सगळ्यात धोक्याची गोष्ट वाटते.

अजून एक. अशा पार्टिशनला एखाद्या टूलने जबरदस्ती अक्षर दिलं तर विंडोज म्हणते की डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, फॉरमॅट करायची का. माणूस घाईत असला की हो म्हणून मोकळा होते. तिथं नेहमी कॅन्सल.

खात्री करायची असेल तर विंडोजमधलंच डिस्कपार्ट हे टूल वापरा. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, राइट क्लिक करून रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर, काळ्या खिडकीत डिस्कपार्ट लिहून एंटर. मग लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क ०, मग लिस्ट पार्टिशन, सगळं इंग्रजी अक्षरांत. लिस्ट आणि सिलेक्टने डिस्कवर काही लिहिलं जात नाही, बिनधास्त करा. झालं की एक्झिट. त्या खिडकीत क्लीन हा शब्द चुकूनही टाइप करायचा नाही, तो खात्री न विचारता निवडलेल्या डिस्कवरचे सगळे पार्टिशन उडवते.

मानेवाडा_ट्यूशन
केलं. लिस्ट डिस्कमध्ये एकच डिस्क, जीपीटीच्या रकान्यात चांदणी आहे. लिस्ट पार्टिशनमध्ये सहा आहेत! पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये मी पाच मोजले होते. क्रमाने, सिस्टम १०० एमबी, रिझर्व्ह्ड १६ एमबी, प्रायमरी २०० जीबी, रिकव्हरी, प्रायमरी ४८८ जीबी, आणि शेवटचं अननोन २४२ जीबी. हे १६ एमबीचं मधूनच कुठून आलं?

केबल_काका
ते मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड पार्टिशन. जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलच्या, डिस्कवर विंडोज ते स्वतःच्या कामासाठी ठेवते, त्यात फाइल नसतात, डिस्क मॅनेजमेंट ते दाखवतच नाही, डिस्कपार्ट दाखवते. विंडोज १० पासून १६ एमबी, त्याआधीच्या मोठ्या डिस्कवर १२८ एमबीचं असायचं. राहू दे.

बाकीचंही सांगून ठेवतो म्हणजे मनात भीती राहणार नाही. १०० एमबीच्या ईएफआयमध्ये कम्प्युटर सुरू करणाऱ्या फाइल असतात, ते फॅट३२ मध्ये असते, ते गेलं की विंडोज उघडणार नाही, सीमधलं सगळं शाबूत असलं तरी. रिकव्हरी म्हणजे विंडोज बिघडलं की जी निळी स्क्रीन येते ट्रबलशूटची, ती तिथून येते. पार्टिशन टेबल हा डिस्कचा सातबारा आहे, कुठल्या नंबरची जमीन कुठून कुठपर्यंत आणि कोणत्या कामाची ते त्यात लिहिलेलं असते, विंडोज त्यातला कामाचा प्रकार वाचूनच ठरवते की अक्षर द्यायचं की लपवायचं. तुझ्या शेवटच्या कप्प्याचा प्रकार त्याला ओळखीचा नाही म्हणून अननोन.

तर्रीपोहे
अननोन म्हणजे माझा अंदाज जवळजवळ पक्का झाला. आता आत काय आहे ते बघायचे दोन रस्ते.

सोपा रस्ता, डिस्कइंटर्नल्स लिनक्स रीडर नावाचं फुकट सॉफ्टवेअर विंडोजमध्ये टाका. ते लिनक्सचे ईएक्सटी४ वगैरे पार्टिशन उघडून दाखवते आणि फक्त वाचते, लिहीत नाही, म्हणून मला ते अशा कामासाठी आवडते. लिनक्सच्या परमिशनची आडकाठीही त्यात येत नाही. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच उतरवा, तिसऱ्याच डाउनलोड साइटवरून नको.

दुसरा रस्ता, पेन ड्राइव्हवरून उबंटू चालवणे. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यातलं आधीचं सगळं पुसलं जाईल, रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने त्यावर उबंटू टाकायचं, कम्प्युटर सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबायचं, कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९, एफ८ असं काहीतरी असते, आणि ट्राय उबंटू निवडायचं. इन्स्टॉल नाही, ट्राय. मग टर्मिनलमध्ये एलएसबीएलके, एक स्पेस आणि उणे एफ. सगळे पार्टिशन झाडासारखे दिसतात आणि प्रत्येकापुढे फाइल सिस्टमचं नाव असते, लिनक्स काहीच लपवत नाही. क्रिप्टो लक्स लिहिलेलं दिसलं तर ते पासवर्डने बंद केलेलं आहे, मग भाच्यालाच विचारावं लागेल. तुमच्यासाठी पहिला रस्ता पुरेसा आहे.

अंबाझरी_सायकल
मध्येच बोलतो, पण डब्ल्यूएसएलने, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायच्या सोयीने, का नाही सांगत? विंडोज ११ मध्ये लिनक्सची डिस्क माउंट करता, म्हणजे जोडून वाचता येते त्याने.

तर्रीपोहे
येते, पण पूर्ण डिस्क त्याच्या ताब्यात द्यावी लागते, आणि ज्या डिस्कवरून विंडोज स्वतः चालू आहे ती देता येत नाही. ताईंकडे एकच डिस्क आहे, त्यामुळे इथं ते जमणार नाही. वेगळी डिस्क जोडलेली असेल तेव्हा छान आहे.

प्रतापनगर_नेहा
धागा छान चालू आहे, माझाही प्रश्न याच्यातच बसवते. लॅपटॉप, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११. मी पण बघितलं तर सीच्या उजव्या बाजूला लागोपाठ दोन रिकव्हरी पार्टिशन आणि त्यांच्यानंतर ६० जीबी काळी पट्टी अनअलोकेटेड. सीवर एक्स्टेंड व्हॉल्यूम करायला गेले तर तो पर्याय पुसट. आणि दोन-दोन रिकव्हरी कशाला? एक उडवू का?

केबल_काका
एक्स्टेंड पुसट आहे कारण डिस्क मॅनेजमेंट फक्त उजवीकडची लागून असलेली जागाच जोडून देते. सी आणि तुझ्या काळ्या पट्टीच्या मध्ये रिकव्हरी बसली आहे. जागा आहे पण रस्ता अडलेला.

दोन रिकव्हरी होतात त्याचं कारण असं की विंडोजचं मोठं अपग्रेड येते तेव्हा जुनं रिकव्हरी पार्टिशन लहान पडलं तर ते नवीन बनवते, जुनं तसंच पडून राहते. कोणतं चालू आहे ते अंदाजाने ठरवायचं नाही. अॅडमिनच्या काळ्या खिडकीत रीएजंटसी स्लॅश इन्फो असं इंग्रजीत टाइप कर. एनेबल्ड आहे का ते दिसेल आणि खाली पत्त्यात हार्डडिस्क ० पार्टिशन ४ असा नंबर दिसेल. तोच नंबर डिस्कपार्टच्या लिस्टमध्ये जुळवून बघ, ते चालू रिकव्हरी. दुसरं मात्र जुनंच असेल असं लगेच धरू नको, लॅपटॉप कंपनीचं फॅक्टरी रिस्टोरही असू शकते, एचपीत एफ११ आणि एसरमध्ये ऑल्ट एफ१० दाबून जे येते ते. आकार मोठा असेल, १० जीबीच्या वर, तर बहुधा कंपनीचं.

रिकव्हरी पार्टिशनची जागा किती नेमकी असते याचं उदाहरण सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी५०३४४४१ नावाचा सुरक्षेचा अपडेट आला होता, तो याच रिकव्हरीला सुधारणारा होता आणि त्याला तिथं २५० एमबी रिकामी जागा लागत होती. ज्यांच्याकडे एवढी नव्हती त्यांच्याकडे तो ०एक्स८००७०६४३ एरर देऊन पडायचा आणि लोकांना समजतच नव्हतं कारण सीमध्ये तर ढीगभर जागा होती. लपलेले कप्पे बघता आले पाहिजेत ते यासाठी.

प्रतापनगर_नेहा
काका, नंबर ४ निघाला, म्हणजे सीला लागून असलेलंच चालू आहे. मग सी वाढवायला मधलं सरकवणारं सॉफ्टवेअर वापरू का?

तर्रीपोहे
नेहा, त्याआधी सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघ. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असलं की ते बरेचदा आपोआप चालू झालेलं असते, आपल्याला आठवतही नाही. चालू असताना बूटच्या पार्टिशनला किंवा बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगला, हात लावला तर पुढच्या वेळी निळी स्क्रीन ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती की तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ऑनलाइन सेव्ह असते, आधी कागदावर उतरवून ठेव. फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवून उपयोग नाही, अडकलीस की तो उघडणारच नाही.

माझं मत विचारशील तर पार्टिशन सरकवू नको. त्या ६० जीबीचं वेगळं ई ड्राइव्ह करून टाक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, त्यात काहीच धोका नाही.

हिंगणा_नाका
सरकवण्याबद्दल मीही हेच म्हणेन. मी हिंगण्याला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही, पार्टिशन अर्धं सरकलं आणि लाइट गेली तर दोन्हीकडचं जाते. डेस्कटॉपला यूपीएस, लॅपटॉपला पूर्ण चार्ज, त्याशिवाय नाही. आणि नवतपात तर दुपारी सुरूच करू नका, सकाळी सातला करा. बहुतेक डेस्कटॉप हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंश असते, खोलीतच ४२ असली तर आत काय होत असेल. मानेवाडावाल्या ताईंनी कॅबिनेटचं डावं झाकण काढून पंखा साफ करून घ्यावा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोने डिस्कची तब्येत बघावी. गुड हिरवं-निळं असेल तर ठीक, कॉशन पिवळं आलं तर आधी कॉपी, बाकी सगळं नंतर.

मानेवाडा_ट्यूशन
डिस्क गुड दाखवते, तापमान ४४. लिनक्स रीडर टाकलं. उघडलं!! ईएक्सटी४ च आहे. होम नावाच्या फोल्डरमध्ये भाच्याच्या नावाचं फोल्डर, त्यात त्याच्या फायनल इयर प्रोजेक्टचा कोड, रिपोर्टच्या फाइल, आणि पिक्चर्समध्ये आमच्या आईच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो, महाल भागातल्या घरी केली होती तेव्हाचे. ते फोटो आमच्या कोणाकडेच नव्हते, भाऊ इतके दिवस शोधत होता. भाच्याला लगेच फोन केला, तो म्हणाला आत्या काहीही पुसू नको, मला सगळं पाहिजे. कसं बाहेर काढू आता?

तर्रीपोहे
किती छान!!! ताई, लिनक्स रीडरमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून सेव्ह म्हणा, जागा विचारेल, बाहेरची डिस्क निवडा. डीवर ठेवू नका एकट्या, डी त्याच डिस्कवर आहे, डिस्क गेली तर दोन्ही जाईल. पेन ड्राइव्ह घेणार असाल तर तो फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जात नाही, एक्सफॅट करून घ्या. झालं की दहा-वीस फोटो आणि एखादा रिपोर्ट बाहेरच्या डिस्कवरून उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणून समाधान मानू नका.

फोटो अजून एका ठिकाणी पाहिजेतच, भावाकडे किंवा पुण्याला.

केबल_काका
आणि भाच्याचा होकार आल्यावरच ते पार्टिशन काढ. त्याआधी एक बघून घे. कम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये जा, बूट ऑर्डरमध्ये सगळ्यात वर विंडोज बूट मॅनेजर आहे का. खाली उबंटू नाव असेल तर असू दे. उबंटू वर असेल आणि त्याचं पार्टिशन गेलं तर काळ्या स्क्रीनवर ग्रब, म्हणजे उबंटूच्या बूट प्रोग्रामचं नाव, लिहून येते आणि विंडोज सुरू होत नाही. घाबरायचं नसते त्यात, बूट मेनूतून विंडोज निवडलं की उघडते, पण रात्री एकटी असताना असं दिसलं तर जीव घाबरा होतो.

मानेवाडा_ट्यूशन
कॉपी झाली, उघडून बघितली, एक कॉपी भावाच्या लॅपटॉपवर, एक भाच्याला गुगल ड्राइव्हवर चढवून दिली. त्याने हो म्हटलं. बूटमध्ये विंडोज वरच होतं. हिंगणा भाऊंनी सांगितलं तसं डिलीट व्हॉल्यूम आणि डी एक्स्टेंड, सकाळीच केलं, यूपीएसवर. डी आता ७३० जीबी. पण सी तशीच लाल आहे, माझा मूळ त्रास तर सीचा होता. सीला नाही देता येणार का थोडी?

तर्रीपोहे
सीच्या उजवीकडे रिकव्हरी आणि त्याच्या पलीकडे डी, नेहासारखंच अडलेलं. पण तुम्हाला सी वाढवायची गरजच नाही ताई. रेकॉर्डिंग व्हिडिओजच्या फोल्डरमध्ये जाते न? आधी डीवर व्हिडिओज नावाचं रिकामं फोल्डर बनवा. मग सीवरच्या व्हिडिओजवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब, मूव्ह, डीवरचं ते फोल्डर निवडा, अप्लाय, जुन्या फाइल हलवू का विचारेल, हो म्हणा. पुढचं रेकॉर्डिंग आपोआप डीवर. नुसतं डी निवडू नका, आतलं फोल्डर निवडा, नाहीतर पूर्ण डी ड्राइव्हच व्हिडिओज म्हणून धरला जातो आणि परत फिरवायला त्रास होते.

मानेवाडा_ट्यूशन
झालं, सीमध्ये ९० जीबी रिकामी. पाच विद्यार्थ्यांचे पालक उद्यासाठी प्रमेयाचे व्हिडिओ मागून राहिले होते, आज रात्रीच चढवते. केबल काका, ते १६ एमबी, १०० एमबी आणि रिकव्हरी मी अजिबात हात न लावता तसेच ठेवले आहेत.

अंबाझरी_सायकल
ताई, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीन ११ ला चालते का ते मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक टूलने बघून घ्या. अपग्रेड करणार असाल तर तेव्हा हेच सगळे कप्पे पुन्हा एकदा डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा, कदाचित सीच्या शेवटून थोडी जागा कापून अजून एक रिकव्हरी बनलेली दिसेल.

प्रतापनगर_नेहा
मी ई ड्राइव्ह बनवला. बिटलॉकर खरंच चालू निघालं, मला कल्पनाच नव्हती. ४८ आकडे वहीत लिहिले, आईच्या कपाटात ठेवले.